वेष पालटलेले गिऱ्हाईक

आपल्या पुराणकथांतले देव आणि ऋषी स्वभावाने मोठे संशयी असावेत, असे मला लहानपणापासून वाटत आले आहे. हरिश्चंद्र सत्यवचनी आहे हे साऱ्या त्रैलोक्याला ठाऊक होते. तरी त्याची परीक्षा पाहिल्यावाचून विश्वामित्रांना राहवले नाही. शिबी राजाच्या आश्रयाला आलेले कबूतर म्हणजे अग्नी होता आणि त्याच्या मागे लागलेला ससाणा म्हणजे इंद्र होता. शिवलीलामृतातल्या चांगुणेच्या दारी तर साक्षात शंकर अतिथी होऊन आले आणि त्यांनी मागू नये ते मागितले. चिलया बाळाची ती कथा घरात वाचली जाई, तेव्हा आम्हां मुलांच्या डोळ्यांत पाणी येई आणि मनात एक शंकाही येई. ज्याला सारे कळते, त्या देवाला हे नाटक करण्याची गरज काय?

हल्ली देवांनी हे काम सोडून दिलेले दिसते. पण ते पडून राहिलेले नाही. कंपन्यांनी ते उचलले आहे. मोठ्या दुकानांचे, उपाहारगृहांचे, बँकांचे, पेट्रोलपंपांचे मालक आपल्याच दारात साध्या गिऱ्हाइकाच्या रूपाने माणसे पाठवतात. अशा माणसाला ‘मिस्टरी शॉपर’ असे नाव आहे. आपण त्याला गुप्त गिऱ्हाईक म्हणू. तो येतो, चार वस्तू पाहतो, ठरवून दिलेले प्रश्न विचारतो, एखादी वस्तू विकत घेतो आणि निघून जातो. विक्रेता किती वेळाने जवळ आला, हसला की नाही, त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती की नाही, बिल न मागता दिले का, याचा तक्ता तो घरी जाऊन भरतो. ही चाल अमेरिकेतून आली. तेथे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रोखपाल गल्ल्यातले पैसे खिशात घालतो की काय, हे पाहण्यासाठी गिऱ्हाइकाच्या वेषात माणसे पाठवीत. पुढे चोरी पकडण्याचे काम मागे पडून सौजन्य मोजण्याचे काम पुढे आले.

साक्रीसारख्या तालुक्याच्या गावाला हे सारे दूरचे वाटावे. आमच्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. येथे वेष पालटायचा तर नाकडोळेही पालटावे लागतील. पण मोबाईलने हे अंतर पुसून टाकले आहे. माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा गेली दोन वर्षे हे काम अधूनमधून करतो. धुळ्याला किंवा नाशिकला जातो, सांगितलेल्या दुकानात शिरतो आणि परत येऊन तक्ता भरतो. मागच्या उन्हाळ्यात तो घरी आला आणि जरा घुटमळून म्हणाला, “सर, हे काम वाईट तर नाही ना?”

मी त्याला विचारले, “तुला तसे का वाटले?”

तेव्हा त्याने एक प्रसंग सांगितला. तो एका मोठ्या दुकानात उभा असताना खेड्यावरून आलेली एक म्हातारी तेथे आली. काचेचा दरवाजा, आतला गारवा, चकचकीत फरशी, यांनी ती बावरून दारातच उभी राहिली. विक्रेत्याने ते पाहिले आणि तो अहिराणीत म्हणाला, “काय जोयजे भाऊ, काय जोयजे माय?” पहिला प्रश्न या मुलाला होता, दुसरा त्या म्हातारीला. म्हातारीचा चेहरा एकदम सैल झाला. विक्रेत्याने तिला बसायला दिले, तिला हवी होती ती स्वस्तातली वस्तू दाखवली आणि महागडी तिच्या गळ्यात मारली नाही. मुलगा घरी आला आणि तक्ता उघडून बसला. त्यात पहिलाच प्रश्न होता: विक्रेत्याने ठरलेले स्वागतवाक्य उच्चारले का? ते वाक्य शुद्ध शहरी होते आणि ते त्याने उच्चारले नव्हते. मुलाने ‘नाही’ लिहिले. दुसरा प्रश्न होता: अधिक किमतीचा माल सुचवला का? तेथेही ‘नाही’ लिहावे लागले. “सर, मी एक अक्षरही खोटे लिहिले नाही,” तो म्हणाला, “आणि तरी मी त्या माणसावर खोटा आळ घेतला असे मला वाटते.” पुढे त्या विक्रेत्याचे काय झाले, ते त्याला कधी कळले नाही. अहवाल वर जातो. तो खाली येत नाही.

मला हा प्रश्न साधा वाटला नाही. म्हणून आपल्यापूर्वी कोणी त्याचा विचार केला आहे का, ते मी पाहू लागलो. असा विचार करणारा पहिला माणूस आपल्याच देशात निघाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामाशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केली आणि पुढे तिची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी सिद्ध केली. त्या ग्रंथात गूढपुरुषांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. विद्यार्थी, संन्यासी, शेतकरी, व्यापारी आणि तापसी अशा वेषांतले हेर कसे नेमावेत, ते कौटिल्य सांगतो. अमात्यांची निष्ठा धर्म, अर्थ, काम आणि भय या चार मार्गांनी गुप्तपणे पारखावी, असेही सांगतो. इतपत वाचले म्हणजे कौटिल्य हा आजच्या कंपन्यांचा मूळपुरुष वाटतो.

पण थोडे पुढे वाचले म्हणजे त्याचे वेगळेपण कळते. चार परीक्षा सांगून झाल्यावर तो राजाला एक इशारा देतो. जो बिघडलेला नाही, त्याला परीक्षेच्या नावाखाली बिघडवू नये. ते स्वच्छ पाण्यात विष कालवण्यासारखे आहे, आणि अशा विषावर पुढे औषध मिळेलच असे नाही. दुसरा इशारा हेरांविषयी आहे. एका हेराच्या सांगण्यावर विसंबू नये. एकमेकांना न ओळखणारे तिघे एकच गोष्ट सांगतील तेव्हाच ती खरी मानावी. ज्याला आपण कुटिल म्हणून ओळखतो, तो माणूस एका अहवालावर कोणाची भाकरी काढून घ्यायला तयार नव्हता. माझ्या विद्यार्थ्याचा तक्ता मात्र एकट्याचा होता.

असे असले तरी गुप्त परीक्षा ही मुळातच अनीतीची आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. आमच्या खानदेशात पेरणीच्या तोंडाला कपाशीच्या बियाण्यासाठी रांगा लागतात. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२५ च्या हंगामासाठी बीजी-२ वाणाच्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती. तरी मागणी असलेल्या वाणाचे पाकीट चढ्या भावाने विकले जाते, खताबरोबर नको असलेली बाटली माथी मारली जाते आणि त्याचे बिल मिळत नाही. अशा वेळी कृषी खात्याचे भरारी पथक धोतर-टोपीतला ‘डमी ग्राहक’ दुकानात पाठवते. सरकारी गाडी दारात उभी राहिली तर तेच पाकीट छापील किमतीला मिळेल, हे शेंबडे पोरही सांगेल. येथे वेष पालटल्याशिवाय सत्य दिसणारच नाही.

त्याहूनही कठीण उदाहरण सोनोग्राफी केंद्रांचे आहे. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा १९९४ साली झाला. पण हा गुन्हा असा आहे की, सांगणारा आणि विचारणारा दोघेही त्यात सामील. तक्रार करणार कोण? जिच्यावर अन्याय व्हायचा ती अजून जन्मलेली नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या. म्हणून साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गरोदर स्त्रियांना बनावट ग्राहक म्हणून पाठवले आणि ही केंद्रे उघडकीला आणली. आपल्या पोटातले मूल घेऊन जी बाई अशा ठिकाणी गेली, तिला मी फसवणूक करणारी म्हणू शकत नाही. तिने धैर्याचे काम केले.

मग भेद कोठे आहे? मला तो असा दिसतो. बियाण्याच्या दुकानात आणि सोनोग्राफीच्या खोलीत जे शोधायचे, तो गुन्हा आहे. तो कायद्याने आधी सांगून ठेवलेला आहे, आणि दुबळ्याला लुबाडणारा तेथे बलवान आहे. शिवाय तेथेही मर्यादा आहेत. लाच घेताना पकडायचे झाले, तर नुसत्या नोटा हाती सापडून भागत नाही. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. दुकानातल्या विक्रेत्याला मात्र एवढेही संरक्षण नाही. त्याने कोणाला लुबाडलेले नसते. तो दहा तास उभा असतो, आणि अकराव्या तासाला त्याचे हसू थोडे फिके पडते. ते फिके पडलेले हसू पकडण्यासाठी माणूस पाठवायचा, म्हणजे चोर पकडण्याचा सापळा दमलेल्या माणसासाठी लावायचा.

आणि हसू मोजता येते का? १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आमच्या जिल्ह्याचे ते मोठे भाग्य. त्यांत कर्म आणि विकर्म यांचा विचार आला आहे. हाताने होते ते कर्म आणि त्याला मनाची जी जोड मिळते ते विकर्म. ही जोड मिळाली म्हणजे कामाचा भार वाटेनासा होतो. मला वाटते, गुप्त गिऱ्हाइकाच्या तक्त्यात फक्त कर्माचे रकाने असतात. ओठ किती रुंदावले, ते त्यात लिहिता येते. त्या म्हातारीला ‘माय’ म्हणताना विक्रेत्याच्या मनाची जी जोड मिळाली होती, तिला रकाना नव्हता. आणि रकाना नसला की माणसे हळूहळू ती गोष्ट करणेच सोडून देतात. आम्हां शिक्षकांना याचा अनुभव आहे. तपासणीच्या दिवशी ज्याला गुण असतात तेच शाळेत उरते, आणि ज्याला गुण नसतात ते मास्तरच्या हौसेवर राहते.

आता मोबदल्याचे पाहू. कारण नीतीचा प्रश्न बहुधा पैशांच्या हिशेबात लपलेला असतो. कौटिल्याने हेरांचे वेतनही लिहून ठेवले आहे. वेषधारी मोठ्या हेराला हजार पण, हलक्या दर्जाच्या हेराला पाचशे आणि राजवाड्यातल्या साध्या नोकराला साठ. हेराने लाचेला वश होऊ नये म्हणून त्याचे पोट भरलेले ठेवावे, एवढा व्यवहार त्याला कळत होता. माझ्या विद्यार्थ्याला एका खेपेचे तीनशे रुपये मिळतात, तेही दीड महिन्याने. धुळ्याला जाण्यायेण्याचे एसटीचे भाडे त्याचे त्याने भरायचे. तक्ता अपुरा राहिला, बिलाचा फोटो अस्पष्ट आला किंवा सांगितलेल्या वेळेआधी तो दुकानाबाहेर पडला, तर अहवाल नामंजूर आणि पैसे बुडाले. तो किती वाजता कोठे होता, हे त्याचा मोबाईल वर कळवीत असतो. म्हणजे पाहणाऱ्यावरही कोणी पाहणारा बसवलेला आहे. मी त्याला म्हटले, “अरे, तू त्या विक्रेत्याचा साहेब नाहीस. तुम्ही दोघे एकाच रांगेत उभे आहात. फक्त तुझे तोंड त्याच्याकडे फिरवून ठेवले आहे.”

येथे पालकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामाच्या नावावर लबाडीही फार चालते. ‘घरबसल्या कमाई’ म्हणून संदेश येतो, आणि आधी अनामत भरा असे सांगतात. खरे काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. ज्याने घेतले त्याची तक्रार १९३० या क्रमांकावर करावी.

आणि मग बक्षिसीचा प्रश्न. एकदा या मुलाला एका उपाहारगृहात जेवण्याचे काम मिळाले. जेवणाचे बिल परत मिळणार होते; वाढणाऱ्याला द्यायच्या पैशांविषयी सूचनेत लिहिले होते की, ते द्यायचे तर स्वतःच्या खिशातून. जेवण आले, ते ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटे उशिरा. ती चार मिनिटे त्याने टेबलाखाली मोबाईलवर टिपून ठेवली. उठताना त्याने वीस रुपये ठेवले. वाढणाऱ्याने कपाळाला हात लावला. “सर, मला त्याच्याकडे पाहवेना,” तो म्हणाला. “एका हाताने मी त्याला बक्षीस दिले आणि दुसऱ्या हाताने तक्रार. ते वीस रुपये देणे म्हणजे ढोंग नव्हते का?”

मी म्हटले, नाही. तू गिऱ्हाईक म्हणून खोटा होतास, पण तुझी भूक खरी होती. ज्याने ताट आणून दिले त्याचे पायही खरेच दुखत होते. जेवणाचे पैसे कंपनीने दिले म्हणून त्याच्या श्रमांचे देणे फिटत नाही. त्या साऱ्या भेटीत तुझे स्वतःचे म्हणावे असे ते वीस रुपयेच होते.

बक्षिसी ही मोठी चमत्कारिक चीज आहे. ती हक्क नाही आणि निव्वळ दानही नाही. ती सक्तीने घेतली की तिचा जीव जातो. उपाहारगृहे बिलातच सेवाशुल्क लावू लागली, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते आपोआप लावण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. हे योग्यच झाले. पण त्याचबरोबर मालकाने नोकराचे पोट गिऱ्हाइकाच्या लहरीवर सोडावे, हेही योग्य नाही. गिरणीकामगारांनी वर्षानुवर्षे भांडून दिवाळीचा बोनस मिळवला आणि १९६५ च्या कायद्याने किमान बोनस हा हक्क ठरला. जे मजुरीचे आहे ते मजुरीतच मिळाले पाहिजे. त्यानंतर जे उरते, ते कौतुक. कौतुक हातात द्यावे, तोंडावर द्यावे.

बक्षिसी आणि गुप्त अहवाल यांत हाच फरक मला मोलाचा वाटतो. दोन्ही माणसाच्या कामाला गुण देतात. पण बक्षिसी देणारा समोर उभा असतो. कमी दिली तर घेणारा त्याच्याकडे पाहू शकतो. प्रसंगी दोन शब्द बोलूही शकतो. अहवाल लिहिणारा गेलेला असतो. पुराणातल्या देवांना मी संशयी म्हटले खरे. पण त्यांची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. परीक्षा संपली की ते प्रकट होत. शंकर चांगुणेपुढे उभे राहिले, तिचे बाळ तिला परत मिळाले, आणि आपली परीक्षा झाली हे तिला कळले. ज्या परीक्षेचा निकाल परीक्षार्थ्याला कधी सांगितलाच जात नाही, ती परीक्षा घेण्याचा अधिकार देवांनीही घेतला नव्हता.

म्हणून मी त्या मुलाला काम सोड असे सांगितले नाही. त्याच्या घरी कोरडवाहू जमीन आहे आणि तीनशे रुपये हे तीनशे रुपये असतात. मी त्याला काही पथ्ये सांगितली. नोकरांना आपली अशी पारख होते हे आधीच सांगून ठेवले आहे का, ते काम घेण्यापूर्वी विचार. कोणाला चुकायला भाग पाडणारा प्रश्न विचारू नकोस. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याची जी दोन ओळींची जागा असते, ती कधी रिकामी सोडू नकोस. म्हातारीला ‘माय’ म्हटले ते तेथे लिही. एका भेटीवरून माणूस कळत नाही, हेही लिही. आणि खिशात वीस रुपये ठेव.

आमच्या शाळेत दुपारी पोषण आहार शिजतो. २०१५ च्या नियमांप्रमाणे मुलांना वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी तो चाखून पाहायचा असतो. मी कित्येकदा ती चव घेतली आहे. खिचडी रांधणारी बाई समोर उभी असते. मीठ कमी आहे असे म्हटले, तर ती तेथेच चिमूटभर घालते. चांगली झाली म्हटले, तर पदराने तोंड पुसत हसते. तीही परीक्षाच आहे. पण तीत कोणी वेष पालटलेला नाही, आणि मुलांच्या ताटात पडण्याआधीच खिचडी सुधारते.

या आठवड्यात आपल्या दारी पोस्त मागायला अनेकजण येतील: पोस्टमन, झाडूवाली, गॅसची टाकी आणणारा, रात्री काठी आपटीत फिरणारा गुरखा. वर्षभर त्यांनी आपले काम केले, आणि ते कसे केले याचे मनातले गुण आपण केव्हाच देऊन बसलो आहोत. त्या मुलाच्या तक्त्यात एक रकाना मला आवडला होता: सेवा देणाऱ्याचे नाव. तो भरल्याशिवाय त्याला पैसे मिळत नाहीत, म्हणून तो छातीवरची पट्टी वाचतो. आपल्या दाराशी येणाऱ्यांच्या छातीवर पट्टी नसते. नाव विचारावेच लागते. यंदा पोस्त हातावर ठेवताना ते विचारावे, आणि त्याचे कोणते काम आपल्याला आवडले, तेही त्याला सांगावे.